खिडकीची बाजू

धुळ्याहून पुण्याला जायचे असेल तर माणूस मालेगावची वाट धरतो आणि सरळ दक्षिणेला उतरतो. गेल्या काही वर्षांपूर्वीच्या एका डिसेंबरात मी माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला घेऊन पुण्याला निघालो, तेव्हा मात्र आमची गाडी पारोळा, एरंडोल करीत पूर्वेकडे चालली होती. पुणे राहिले एकीकडे आणि आम्ही चाललो होतो नव्वदेक किलोमीटरवरच्या जळगावला. शेजाऱ्यांना हा द्राविडी प्राणायाम वाटला. महाविद्यालयातील एका सहकाऱ्याने तर विचारलेही, ‘सर, वाट चुकलात की काय?’ वाट चुकलो नव्हतो. आईला विमानात बसायचे होते, आणि तेही खिडकीजवळ.

मित्रहो, विमानातील खिडकीजवळची जागा निवडणे हा फावल्या वेळच्या चैनीचा विषय आहे असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत असे. पण तुमच्यापैकी प्रत्येकाने एस.टी.त बसताना हा विचार केलेला आहे. हिवाळ्यात धुळ्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीत चढणारा अनुभवी प्रवासी डावीकडे बसतो, कारण सूर्य दक्षिणेकडून कललेला असतो आणि ऊन उजव्या बाकांवर येते. ‘सावलीची बाजू’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे कोणी शिकवावा लागत नाही. विमानाच्या बाबतीत तेच गणित थोडे अधिक काळजीपूर्वक करायचे असते, इतकेच.

ते गणित मी केले होते, आणि ते मला सांगावेसे वाटते, कारण पुढे जे घडले ते कळण्यासाठी त्याची गरज आहे.

जळगावचा विमानतळ शहराबाहेर, अजिंठ्याच्या रस्त्यावर कुसुंब्याजवळ आहे. (आमच्या धुळ्याजवळही सुरतेच्या रस्त्यावर एक कुसुंबे आहे. खान्देशात एका नावाची दोन गावे असणे नवे नाही.) २०१२ साली त्याचे उद्घाटन झाले, ‘उडान’ योजनेखाली डिसेंबर २०१७मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, मध्ये ती खंडित झाली, पुन्हा सुरू झाली आणि २०२४मध्ये पुण्याचे विमान आले. धुळ्याला गोंदूरची धावपट्टी आहे, पण ती वैमानिक घडवण्याच्या कामी येते. तुमच्या-माझ्यासारख्या प्रवाशाला तिचा उपयोग नाही. याचे मला नेहमी वाईट वाटते. धुळे-नंदुरबार पट्ट्यात जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्हाच्या थिजलेल्या भिंती पूर्व-पश्चिम अशा मैलोगणती पसरलेल्या आहेत. रस्त्यावरून त्या नुसत्या काळ्या टेकड्या वाटतात. त्यांची सरळ रेघ उंचावरूनच ध्यानात येईल.

जळगावहून उडणारी विमाने बहुधा एटीआर-७२ या जातीची, पंख्यांची असतात. मोठ्या शहरांतून उडणाऱ्या जेट विमानांचे पंख प्रवाशांच्या पायांच्या पातळीला असतात. तुमची जागा पंखाजवळ आली तर खिडकीतून दिसतो तो पत्रा. पंखाच्या मागे बसलात तरी इंजिनातून निघणाऱ्या तप्त वायूने खालचा देखावा पाण्यात पडल्यासारखा थरथरतो. म्हणून जेट विमानात पंखाच्या बरेच पुढे बसावे. एटीआरचे पंख डोक्यावर असतात. त्यामुळे कोठेही बसलात तरी खालची जमीन मोकळी दिसते. केवळ पंख्याच्या आणि इंजिनाच्या शेजारची जागा टाळावी. तेथे आवाजही फार असतो आणि समोरचा कोपरा इंजिनाच्या डब्याने झाकला जातो. पंखामागच्या रांगा उत्तम. मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असतात, म्हणजे निम्म्या प्रवाशांना खिडकी मिळते. आणखी एक सोय अशी, की हे विमान जेटपेक्षा बरेच खालून आणि सावकाश जाते. तीन हजार मीटरवरून नदीचे वळण, बंधारा, केळीच्या बागांचे काळपट हिरवे चौकोन हे सारे ओळखू येते.

पुढचा प्रश्न बाजूचा. जळगावहून पुणे नैर्ऋत्येला, सुमारे तीनशे किलोमीटर हवाई अंतरावर आहे. नैर्ऋत्येकडे तोंड करून उभे राहा. तुमच्या उजव्या हाताला गिरणा नदी, भडगाव, चाळीसगाव, दूरवर सह्याद्री. डाव्या हाताला अजिंठ्याच्या रांगेपलीकडे वेरूळ, छत्रपती संभाजीनगर, स्वच्छ हवा असेल तर कदाचित जायकवाडीचे पाणी. विमानाची वाट दर वेळी दोरीसारखी सरळ नसते. नियंत्रण कक्षाच्या सूचनेप्रमाणे ती वळते. तरीही बाजू सहसा बदलत नाही. आसनक्रमांकातील ‘ए’ हे अक्षर नेहमी डाव्या खिडकीचे, उजव्या खिडकीचे अक्षर मात्र विमानागणिक वेगळे असते, तेव्हा तिकीट काढताना आसनांचा आराखडा पाहावा.

आम्हाला गिरणा पाहायची होती. मी उजवी खिडकी घेतली.

आता गिरणाच का, ते सांगतो. आईचे माहेर भडगाव तालुक्यातले, गिरणेच्या काठचे एक लहान गाव. तीस वर्षांपूर्वी आजोबा वारल्यावर जमिनीच्या वाटण्या झाल्या, तेव्हा बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेण्याची आमच्याकडची रीत मामांनी पाळली. आईने सही दिली. सही देण्याचे तिला दुःख नव्हते. भावाच्या रानात आपला वाटा असावा असे तिच्या मनातही आले नसावे. पण तालुक्याच्या कचेरीत सही झाली, मंडळी बाहेर आली, आणि कोणी तिला ‘घरी चल, जेवून जा’ असे म्हटले नाही. ती तिथूनच धुळ्याच्या गाडीत बसली. आपल्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, गाणी होतात. त्यानंतरच्या कोणत्याही आखाजीला आई गेली नाही. त्या गावच्या मातीला पाय लावणार नाही, असे ती एकदाच बोलली आणि पुन्हा तो विषय तिने काढला नाही. मामा गेले, तेव्हाही नाही.

मधल्या काळात काचबिंदूने तिच्या उजव्या डोळ्याची दृष्टी नेली. काचबिंदू चोरपावलांनी येतो. नजरेचा परीघ आधी जातो, मध्यभाग शेवटी, त्यामुळे माणसाला उशिरा कळते, आणि गेलेली दृष्टी परत येत नाही. डाव्या डोळ्यातही तो होता, पण औषधाने आवरलेला. त्यावर मोतीबिंदू चढला. शस्त्रक्रिया करायला हवी होती आणि तो डोळा एकुलता एक होता. पुण्याच्या डॉक्टरांनी धोका किती आणि कशाचा हे नीट समजावून सांगितले. आईने ते शांतपणे ऐकले. धुळ्याला परतल्यावर दोन दिवसांनी भाकरी थापता थापता ती म्हणाली, की डोळ्याला हात लावायच्या आधी माहेर एकदा नजरेखालून घालायचे आहे. मी म्हटले, ‘चल, उद्याच गाडी काढतो.’ तिने मान हलवली. जळगावहून पुण्याचे विमान सुरू झाल्याचे तिने कोणाकडून तरी ऐकले होते, आणि ते गिरणेवरून जाते असेही. ‘वरतून पाय थोडाच लागस?’ ती अहिराणीत म्हणाली.

मी भाषाशास्त्राचा अध्यापक. शब्दांचे अर्थ लावण्यावर माझी उपजीविका चालते. प्रतिज्ञेच्या वाक्याचा इतका काटेकोर अर्थ लावलेला मी पूर्वी ऐकला नव्हता.

तर उजवी खिडकी. दुपार टळत असताना आम्ही उडालो. मी आईच्या शेजारच्या, वाटेकडच्या आसनावर. मांडीवर डॉक्टरांच्या कागदांची फाईल आणि हातात घरून छापून आणलेला नकाशा. विमान वर चढू लागले तसा मी बोलू लागलो. हा बघ अजिंठ्याचा रस्ता, हे पाचोरा असावे, आणि ती बघ, ती चकाकणारी पट्टी, ती गिरणा. आई ‘हो, हो’ म्हणत होती. तिचे तोंड समोरच्या आसनाकडे होते. मधूनच ती खिडकीकडे मान वळवायचा प्रयत्न करी. मणक्याच्या विकाराने तिची मान पुरती वळत नाही, आणि कमरेला पट्टा. शेवटी तिने हात उचलून तळवा खिडकीच्या काचेवर ठेवला आणि तसाच राहू दिला. मला वाटले, भरून आले असेल. मी नकाशावरून बोट फिरवीत राहिलो. सात-आठ मिनिटांत गिरणेचा पट्टा मागे पडला.

उजव्या खिडकीजवळ बसलेल्या माणसाची खिडकी त्याच्या उजव्या डोळ्याला असते. ही गोष्ट लहान मुलालाही सांगावी लागू नये. आणि त्या डोळ्याची हकीकत मला ठाऊक नव्हती असेही नाही. ती माझ्या मांडीवरच्या फाइलीत होती. त्यात दुपारचा सूर्य नैर्ऋत्येला, म्हणजे विमानाच्या जवळजवळ समोर आणि किंचित उजवीकडे. मोतीबिंदूच्या डोळ्याला तिरपे ऊन म्हणजे नुसते पांढरे धुके. शिवाय हिवाळ्यात तापीच्या खोऱ्यावर धुरकट थर असतो तो वेगळाच. एस.टी.तली सावलीची बाजू बघणारा मी, आईला बरोबर उन्हाच्या बाजूला आणि आंधळ्या डोळ्याच्या खिडकीशी बसवून नकाशा वाचून दाखवीत होतो.

हे मला रात्री पुण्यात, बहिणीच्या घरी कळले. बहिणीने विचारले, ‘काय काय दिसलं गं?’ आई म्हणाली, ‘भाऊनी सर्व सांगं.’ भाऊने सर्व सांगितले. ‘दिसले’ हे क्रियापद तिने वापरले नाही. आमच्या घरात मला भाऊ म्हणतात.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण त्या रात्री झोप लागली नाही आणि अभ्यासाची सवय अशा वेळी नको तेवढी साथ देते. डावे-उजवे हे शब्द बोलणाऱ्याच्या शरीराला बांधलेले असतात. आपण वळलो की डावे उजवे होते. पूर्व-पश्चिम तशी वळत नाही. जगातील काही भाषा डाव्या-उजव्याशिवाय आपला व्यवहार चालवतात. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येकडील गुगु यिमिथिर ही त्यांतली प्रसिद्ध. कप्तान कुक याच्या मंडळींनी १७७० साली ‘कांगारू’ हा शब्द जिच्यातून टिपून घेतला ती हीच. तिचे भाषक ‘तुझ्या पायाच्या उत्तरेला मुंगी आहे’ अशा रीतीने बोलतात. स्टीफन लेव्हिन्सन यांनी अशा भाषांचा तौलनिक अभ्यास केला. त्याचे सार असे, की या भाषकांना आपण कोठे तोंड करून आहोत याचे भान सतत ठेवावे लागते.

हे उदाहरण मी वर्षानुवर्षे वर्गात देत आलो आहे, आणि दूरचे म्हणून देत आलो आहे. खरे तर आपल्या शब्दांतही दोन्ही पद्धतींची गाठ पडलेली आहे. संस्कृतात ‘दक्षिण’ म्हणजे उजवा आणि दक्षिण म्हणजे ती दिशाही. कारण ज्याने हे नाव ठेवले तो सूर्याकडे, पूर्वेकडे तोंड करून उभा होता. ‘पूर्व’ म्हणजे समोरची, ‘पश्चिम’ म्हणजे मागची. देवाला उजव्या हाताला ठेवून फिरायचे म्हणून प्रदक्षिणा. दख्खन हा शब्दही तिथलाच. म्हणजे आपल्या भाषेने फार पूर्वीच आपली जागा निवडून ठेवली आहे, तोंड उगवतीकडे. मी आणि माझे विद्यार्थी मात्र मोबाइलवरच्या बाणाकडे पाहून ‘पुढे लेफ्ट घे’ म्हणतो. खेड्यातली शेतकरी मंडळी अजून उगवतीचा बांध, मावळतीचा बांध असे सांगतात. खरेदीखतातल्या चतुःसीमाही पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक अशाच लिहिल्या जातात. हक्कसोडपत्रातही त्या असतात.

शस्त्रक्रिया झाली. ती बरी झाली हे आधीच सांगून टाकतो, तुम्हाला टांगणीला लावण्याचा हेतू नाही. पट्टी काढल्यावर आईने प्रथम बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या फरश्यांचा रंग सांगितला आणि त्या नीट पुसल्या जात नाहीत असेही सांगितले. पुढचे तीन आठवडे थेंब, काळा चष्मा, वाकायचे नाही, ओझे उचलायचे नाही, असे पथ्य झाले. मग डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिली.

परतीचे तिकीट काढताना मी कागदावर एक रेघ मारली. पुण्याहून जळगाव ईशान्येला. ईशान्येकडे तोंड केले की गिरणा, जी जाताना उजवीकडे होती, ती डावीकडे येते. आईचा चांगला डोळा डावा. विमान दुपारच्या आधीचे, म्हणजे सूर्य आग्नेयेला, विमानाच्या उजव्या अंगाला. डावी खिडकी सावलीची. तिन्ही गोष्टी एकाच बाजूला पडत होत्या. मी ते गणित तीनदा तपासले. ‘ए’ अक्षराची, पंखामागची, तिसऱ्या माणसाची नजर जाणार नाही अशी जागा घेतली. आईला गडद रंगाचे लुगडे नेसायला सांगितले. फिक्या कपड्यांचे प्रतिबिंब खिडकीच्या आतल्या थरावर पडते आणि बाहेरचे पुसट दिसते. ती म्हणाली, की विमानात बसायला लुगड्याचाही नियम असतो हे तिला ठाऊक नव्हते.

या वेळी मी नकाशा काढला नाही. काढला, पण खिशात ठेवला.

गौताळ्याचे डोंगर ओलांडले आणि खान्देश एकदम खाली पसरला. घाटाची कड संपते तिथे दख्खनचे पठार तुटते आणि तापीचे खोरे सुरू होते. रस्त्याने कन्नडचा घाट उतरणाऱ्याला ते वळणावळणाने कळते, वरून ते एका नजरेत येते. आई खिडकीला कपाळ टेकून बसली होती. काळ्या जमिनी, वेचणी होऊन गेलेल्या कपाशीचे करडे तुकडे, मध्येच गव्हाची हिरवी चौकट. विमान उतरणीला लागले होते आणि थोडे पश्चिमेकडून आले, त्यामुळे नदी जवळ आली. पाणी थोडे, वाळू फार, आणि वाळूत उपशाचे खड्डे. ते वरून देवीच्या वणांसारखे दिसतात. आई बराच वेळ काही बोलली नाही. नदीने एक मोठे वळण घेतले. वळणाच्या अलीकडच्या काठावर घरांचा एक पुंजका, एक पांढरे देऊळ, पाण्याची टाकी. भडगावच्या अंतरावरून आणि वळणावरून मी हिशेब केला आणि मला राहवले नाही. म्हणालो, ‘माय, ते बघ, तेच.’

तिने पाहिले. मग मान हलवली.

‘नही. आपली नदी उगवतीले शे.’

मी म्हटले, नदी तिथेच आहे, गावाला लागूनच. ती म्हणाली, की लहानपणी ती पहाटे घागर घेऊन नदीवर जाई तेव्हा सूर्य पलीकडच्या काठामागून वर येई. तोंडावर ऊन येई. घरी परतताना पाठीवर. या गावाची नदी तर मावळतीला आहे. म्हणजे हे समोरचे गाव. आपले पलीकडे, त्या झाडांच्या मागे. आणि तिने बोटाने दाखवले. पलीकडच्या काठावर, वळणाच्या पोटात, हिरव्या-काळ्या ठिपक्यांत एक फिकट डाग होता. मला तो गाव आहे की पडीक माळ हेही सांगता आले नसते.

नंतर मी मोठ्या प्रमाणावरचा नकाशा पाहिला. गाव पश्चिम काठावर आहे. मी आयुष्यात तिथे वीस-पंचवीस वेळा तरी गेलो असेन, सुट्टीत नदीत डुंबलो आहे. नदी घराच्या मागे आहे एवढे मला पक्के आठवत होते. कोणत्या दिशेला, ते मी कधी पाहिले नव्हते.

विमानाने किंचित अंग कलते केले आणि तो काठ पंखाखाली गेला. आईने खिडकीपासून कपाळ काढले नाही. ‘देऊळ नाही दिसलं,’ थोड्या वेळाने ती म्हणाली. ‘चिंचही नाही. तोडली असंल.’ मामांच्या मळ्यातल्या चिंचेला आखाजीचा झोका बांधत, हे मला बहिणीने पूर्वी सांगितले होते. आई मामांविषयी काही बोलेल असे मला वाटले. ती बोलली नाही. चाके बाहेर पडल्याचा धक्का बसला तेव्हा तिने माझे मनगट धरले, आणि विमान जमिनीला टेकल्यावर सोडले.

जळगावहून धुळ्याला निघालो. आई पुढे, माझ्या डावीकडे बसली होती. काळा चष्मा लावायला तिने नकार दिला. बांभोरीजवळ गिरणेचा पूल लागतो. पश्चिमेकडे जाताना नदीचा वरचा भाग, जिकडून पाणी येते तो, डाव्या हाताला राहतो. पुलावर चढताच तिने काच खाली करायला सांगितली. मागून ट्रक येत होते. त्या पुलावर गाडी थांबवता येत नाही. मी वेग कमी केला.